सर्पदंशनिवारण : भारतातील इतिहास

विषारी सापांपासून मनुष्यवस्तीचे रक्षण करणे आणि दंश झाल्यास त्यावर उपचार करणे, या दोन्ही गोष्टींचा समावेश सर्पदंशनिवारणात होतो. भारतात सापांच्या सुमारे ३०० जाती आढळतात. त्यांपैकी बहुसंख्य बिनविषारी किंवा सौम्य विषारी आहेत. बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांमुळे घडतात. हे चारही साप शेत, गोठा, परसू, माळरान व झुडपी रान यांच्या आश्रयाने राहतात. त्यामुळे सर्पदंश ही प्रामुख्याने शेतकरी, शेतमजूर, गुराखी व वनवासी यांच्यावर कोसळणारी आपत्ती आहे. तिच्या निवारणासाठी भारतात निरनिराळ्या काळी तीन मार्ग अवलंबिले गेले : सापाची आराधना व मंत्रोपचार, सापाचा सरसकट नाश आणि प्रतिविषाचा वापर. यांपैकी शेवटचा मार्गच शास्त्रशुद्ध ठरला. तथापि तो दंश झालेल्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचविण्याचा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

प्राचीन विचार व लोकाचार : सापाच्या विषावरील मंत्र अथर्ववेदात आढळतात. आयुर्वेदात विषचिकित्सा हे एक स्वतंत्र अंग मानलेले असून सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पदंशाचे सविस्तर विवेचन आहे. सुश्रुताने सापांचे ८० प्रकार सांगून त्यांची वर्गवारी केली आहे. पळीसारखी फणा असलेले ते दर्वीकर, अंगावर मंडले असलेले ते मंडली आणि रेषा असलेले ते राजिमान असे विषारी सापांचे मुख्य वर्ग त्याने मानले. हे वर्ग स्थूलमानाने आजच्या नाग, घोणस व मण्यार यांच्या गटांशी जुळतात. निर्विष सापांचा वेगळा वर्गही त्यात आहे. दंशाच्या वर चार अंगुळे घट्ट बंध बांधणे, दंशस्थान कापणे, डागणे व रक्त वाहू देणे हे उपचार त्यात सांगितले आहेत. आधुनिक अनुभवानुसार हे उपचार अपायकारक ठरले असले, तरी सापांच्या लक्षणांचे निरीक्षण उल्लेखनीय आहे.

लोकजीवनात साप हा भयाचा तसाच पूजेचा विषय राहिला. श्रावण शुद्ध पंचमीस, म्हणजे नागपंचमीस, महाराष्ट्रात नांगरणे, खणणे, चिरणे व तळणे वर्ज्य मानतात. दंश झालेल्या माणसास देवळात नेणे, मांत्रिकाकडून विष उतरविणे, कडुलिंबाचा पाला चावावयास देऊन विष चढले की नाही हे पाहणे इ. प्रघात दीर्घकाळ चालत आले. या उपायांची ख्याती टिकून राहण्यास एक साधे कारण होते. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. असे रोगी कोणत्याही उपचाराने, किंबहुना उपचारावाचूनही, बरे होतात आणि त्याचे श्रेय मांत्रिकास मिळते. ज्याच्या शरीरात खरोखरच विष भिनले असेल, त्याचा मात्र मोलाचा वेळ वाया जातो.

सापांचा अभ्यास व संहार : भारतीय सापांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने घातला. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. घोणशीच्या इंग्रजी नावात त्याचेच नाव जोडलेले आहे. कलकत्त्यातील शल्यचिकित्सक जोसेफ फेरर (१८२४–१९०७) याने विषारी सापांवरील आपला बृहद्‌ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींवरून त्याने १८६९ या एका वर्षातील ११,४१६ सर्पदंशमृत्यूंची गणना केली. ती संपूर्ण देशाची नव्हती. तिच्यात प्रामुख्याने बंगाल व उत्तर-मध्य भारतातील प्रांत अंतर्भूत होते. अमोनिया व निरनिराळी मुळे-औषधे यांची त्याने प्राण्यांवर परीक्षा केली, तेव्हा एकही खरा उतारा आढळला नाही.

औषध नसल्यामुळे साप मारण्यासाठी बक्षिसे देण्याचे धोरण सरकारने अवलंबिले. त्याचा ठळक दाखला रत्नागिरी जिल्ह्यात मिळतो. जांभ्या दगडांच्या सड्यांवर व गडग्यांमधून फुरसे तेथे विपुल आढळते. १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढविताच सुमारे आठवड्याभरातच एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणण्यात आली. पुढे देशभर बक्षिसे देण्यात येऊ लागली. १८८० मध्ये सु. २ लाख १२ हजार साप मारले गेले व सु. १९ हजार माणसे दंशाने मृत्यू पावल्याची नोंद झाली. १८८९ मध्ये मारलेल्या सापांची संख्या सु. ५ लाख ७८ हजारांवर गेली, तरी मृत्यूंची नोंद सु. २२ हजार इतकी झाली. मृत्यूंच्या नोंदणीत होत गेलेली सुधारणा लक्षात घेतली, तरी सापांच्या संहाराने मृत्यू कमी झाल्याचे या आकड्यांवरून दिसत नाही. बक्षिसासाठी आणलेल्या सापांत बिनविषारी साप किती हेही नीट पारखले जात नसे. धामणीसारखे उंदीर खाणारे साप मारल्याने धान्याची नासाडी वाढते आणि उंदरांच्या मागोमाग विषारी साप घराकडे येतात, ही गोष्ट या धोरणात दुर्लक्षित राहिली.

मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या (स्थापना १८८३) नियतकालिकातून फ्रँक वॉल (१८६८–१९५०) याने विसाव्या शतकाच्या आरंभी सापांवर लेखमाला लिहिली. विषारी व बिनविषारी साप खवल्यांच्या रचनेवरून कसे ओळखावेत हे त्याने सामान्य वाचकांस समजावून दिले.

प्रतिविषाचा शोध : विषाची अल्प मात्रा वाढत्या प्रमाणात टोचल्यास प्राण्यात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते, हे हेन्री स्यूअल याने १८८७ मध्ये कबुतरांवरील प्रयोगांनी दाखविले. अशा प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्याचे रक्षण करतो, हे १८९४ मध्ये पॅरिस येथे सेझार फिझालिक्स व गाब्रिएल बेर्त्रां यांनी आणि स्वतंत्रपणे आल्बेर काल्मेत (१८६३–१९३३) याने सिद्ध केले. काल्मेत हा सायगाव येथील पाश्चर संस्थेत असताना पुराच्या वेळी वस्तीत शिरलेल्या नागांनी माणसांचे बळी घेतले होते व त्यातूनच तो या संशोधनाकडे वळला होता. पुढे घोड्यांपासून हा रक्तरस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला.

नागाच्या विषापासून बनविलेला रक्तरस सर्व सापांच्या विषावर चालतो, अशी काल्मेतची समजूत होती. ती चुकीची असल्याचे दाखविणाऱ्यांत मुंबई येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेत काम केलेला जॉर्ज लँब (१८६९–१९११) हा प्रमुख होता. नागाचे विष तंत्रिका तंत्रावर परिणाम करून श्वसन बंद पाडते, तर घोणशीचे विष रक्तक्लथनाची क्रिया बिघडविते. म्हणून प्रत्येक विषासाठी वेगळे प्रतिविष लागते, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यानुसार कसौली येथील मध्यवर्ती संशोधन संस्थेत (स्थापना १९०५) नाग व घोणस या दोन सापांविरुद्धचे प्रतिविष बनविण्यात येऊ लागले.

परंतु खेड्यातील रोग्यास चावलेला साप कोणता हे बहुधा सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून मुंबई येथील हाफकिन संस्थेने १९४० च्या दशकात चारही प्रमुख सापांच्या विषांविरुद्ध परिणामकारक असे बहुगुणी प्रतिविष तयार करण्याचे कार्य हाती घेतले. ही संस्था म्हणजे परळ येथे १८९९ मध्ये सुरू झालेली प्लेग संशोधन प्रयोगशाळाच होय. तिला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. पकडलेल्या सापांचे विष काढून ते घोड्यांना अल्प व वाढत्या मात्रेत टोचतात. नंतर घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करून शुद्ध करतात. द्रवरूप प्रतिविष थंड ठेवावे लागते. गोठवून कोरडी केलेली भुकटी मात्र साध्या तापमानातही टिकते. या सुधारणेमुळे वीज नसलेल्या गावांच्या जवळपासही प्रतिविष ठेवणे शक्य झाले. याच संस्थेतील पु. ज. देवरस यांनी सापांविषयी लोकशिक्षण केले. भारतीय सापांवरील त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सापांना कायद्याचे संरक्षण मिळाले व पुढे सापाच्या कातड्याच्या निर्यातीवरही बंदी आली. त्यामुळे तमिळनाडूतील इरुळा या सर्पकुशल जमातीचा पारंपरिक व्यवसाय बुडाला. १९७८ मध्ये रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था चेन्नईजवळ स्थापन झाली. तिचे सभासद साप पकडून विष काढतात व सापांना पुन्हा रानात सोडतात. देशातील प्रतिविषनिर्मितीस लागणाऱ्या विषाचा मोठा भाग याच संस्थेकडून मिळत आला आहे. विषाची घटना प्रदेशपरत्वे बदलते. त्यामुळे एका भागातील विषापासून केलेले प्रतिविष दुसऱ्या भागात कमी गुणकारी ठरते, असे अलीकडील संशोधनात दिसून आले आहे.

घर, शेत व रान यांतील दक्षता : साप घरात येतो तो माणसाच्या शोधात नव्हे, तर उंदीर, बेडूक, पाली व आडोसा यांच्या शोधात. म्हणून धान्य बंद कणगीत वा पिंपात ठेवणे, भिंतीतील व जोत्यातील बिळे बुजविणे, सरपण, गोवऱ्या, विटा व कौले यांचे ढीग घरापासून दूर रचणे, कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या खोलीपासून वेगळे ठेवणे आणि घराभोवतालचे गवत काढणे हे मूलभूत उपाय होत. पिकांच्या मोसमात कडब्याच्या गंजीत हात घालण्यापूर्वी ती काठीने हलवावी.

मण्यार ही निशाचर असून जमिनीवर निजलेल्या माणसास अंथरुणात चावते. तिचे दात बारीक असल्यामुळे वेदना व सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटदुखी, पापण्या मिटणे व बोलणे जड होणे ही लक्षणे दिसू लागतात, तोपर्यंत बराच वेळ निघून गेलेला असतो. बिनविषारी कवड्या साप तिच्यासारखाच दिसतो, म्हणून रंगावरून निश्चिंत होणेही धोक्याचे असते. खाटेवर झोपणे व मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे हा यावरील स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. घोणस व फुरसे यांचे दंश बहुधा पायास व हातास होतात. अंधारात विजेरी घेऊन व घोट्यांवर येणारी पादत्राणे घालून चालणे, दगड उचलताना व भारा बांधताना हात जपणे आणि वाटेतला साप न छेडता त्यास जाऊ देणे, हे रानातील साधे नियम होत. कित्येक दंश साप मारण्याच्या वा पकडण्याच्या प्रयत्नातच होतात. घरात साप आढळल्यास प्रशिक्षित सर्पमित्रास वा वन खात्यास बोलवावे.

दंश झाल्यास रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव लाकडी फळीने हाड मोडल्याप्रमाणे स्थिर करावा, अंगठ्या, बांगड्या व जोडवी काढावीत आणि त्यास न चालविता तत्काळ रुग्णालयात न्यावे. घट्ट बंध बांधणे, जखम कापणे व तोंडाने विष ओढणे ही तिन्ही कृत्ये निषिद्ध होत. नळीतील रक्त २० मिनिटांत गोठते की नाही या सोप्या चाचणीने घोणस व फुरसे यांच्या विषबाधेचे निदान लहान आरोग्य केंद्रातही करता येते.

विद्यमान परिस्थिती : सरकारी नोंदींत बहुसंख्य मृत्यू येत नाहीत, कारण अनेक रोगी रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. घरोघरच्या पाहणीवर आधारलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सु. १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू सर्पदंशाने झाले. त्यांतील सु. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत घडले आणि चौथ्या हिश्शाहून अधिक बळी १५ वर्षांखालील मुलांचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पविषबाधेचा उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित रोगांत समावेश केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये जाहीर केले. केंद्र शासनाने २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना कळविले.

फेररच्या काळी सर्पदंशावर औषध नव्हते. आज ते शासकीय रुग्णालयांत मोफत मिळते. तरीही मृत्यू घडतात ते मुख्यतः दंश व उपचार यांमधील विलंबामुळे. हा विलंब कमी करणे केवळ प्रयोगशाळेच्या हाती नसून ते वाहन, रस्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरची उपस्थिती व घरातील माणसांची जाणीव यांवर अवलंबून आहे.