कारगिलमध्ये कुणाला काय दिसत होतं?

परवा एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, "मिराजनं एक लेझर बॉम्ब टाकला आणि कारगिल संपलं!" चहा गरम होता, वाद घालायचा मूड नव्हता. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय. जरा लांबलंय.

1999 साली मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. हवाईदलाची कारवाई 26 मे रोजी सुरू झाली. हवाईदल प्रमुख आपले अनिल टिपणीस, त्यामुळे आमच्या वर्गात तेवढाच अभिमान. पण पहिले तीन दिवस वाईट गेले. 27 ला दोन मिग गेली. 28 ला तोलोलिंगजवळ एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यातले चौघेही गेले.

ते हेलिकॉप्टर कशानं पडलं? खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्रानं. त्याच्या टोकाला एक सेन्सर असतो. इंजिनातून निघणारी उष्णता, म्हणजे डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण, तो पकडतो आणि त्या दिशेनं धावतो. त्याला चकवायला हेलिकॉप्टरमधून जळते फ्लेअर्स सोडतात. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर्सची सोयच नव्हती! हे तेव्हाही वाचवलं नव्हतं, आजही वाचवत नाही.

म्हणजे बघा, इन्फ्रारेडचा डोळा आधी शत्रूच्या हातात होता. आपला नंतर आला.

हेलिकॉप्टरचे हल्ले थांबले आणि ग्वाल्हेरच्या मिराज-2000 विमानांना काम मिळालं. स्टिंगर पोचणार नाही इतक्या उंचीवरून उडायचं, नियंत्रणरेषा ओलांडायची नाही आणि खाली खडकात लपलेला बंकर टिपायचा. नुसत्या डोळ्यांनी हे होत नाही. तिथं इस्रायलचा लायटनिंग पॉड कामी आला. विमानाखाली लटकवायचं हे लांबुळकं नळकांडं. आत दिवसाचा कॅमेरा, उष्णता टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा आणि लेझर. थंडगार डोंगरावर माणसं, चूल, जनरेटर असेल ती जागा पडद्यावर वेगळी उठून दिसते. वैमानिक त्यावर लेझर रोखून धरतो. बॉम्ब मात्र साधाच. त्याच्या नाकाला सेन्सर आणि पंख असलेला संच बसवलेला असतो. जमिनीवरून परावर्तित झालेलं लेझर बघत, पंख हलवत तो खाली येतो.

हे तंत्र तेव्हाही नवं नव्हतं. व्हिएतनाममधला थान होआचा पूल 1965 पासून शेकडो हल्ले पचवून उभा होता. मे 1972 मध्ये अमेरिकेनं तो लेझर बॉम्बनीच पाडला. आपल्याला ते युद्धात वापरायला 24 जून 1999 उजाडावा लागला. त्या दिवशी टायगर हिलवरच्या शत्रूच्या ठाण्यावर मिराजनं लेझर बॉम्ब टाकला. पॉडमधून टिपलेलं ते काळंपांढरं चित्रीकरण टीव्हीवर आलं आणि टपरीवरच्या गोष्टीचा जन्म तिथं झाला असावा.

खरी गोष्ट अशी की लेझर बॉम्ब मोजकेच पडले. 17 जूनला मुंथो ढालोचा रसदतळ उडवला तो साध्या बॉम्बनी. शिवाय लेझर ढगातून जात नाही, आणि हिमालयात ढग काय तुम्हाला विचारून येतात? आणि टायगर हिल? बॉम्ब पडल्यानंतरही तिथं शत्रू होता. 18 ग्रेनेडियर्सच्या पोरांनी रात्री दोर लावून कडा चढून, समोरासमोर भिडून तो 4 जुलैला घेतला.

मला खुपतं ते वेगळंच. पॉड इस्रायलचा, बॉम्बच्या संचाचं तंत्र अमेरिकेचं, आणि पोखरणमुळे त्याच अमेरिकेचे निर्बंध आपल्यावर. नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीनं टेहळणीतल्या उणिवांवर बोट ठेवलं. आज डेहराडूनच्या प्रयोगशाळेत आपले थर्मल कॅमेरे तयार होतात, ही मोठी मजल आहे. पण त्या कॅमेऱ्याचा जीव म्हणजे आतला उष्णता टिपणारा डिटेक्टर, आणि तो आपण वर्षानुवर्षं बाहेरून आणत आलो. आपल्याकडे बातमी मात्र विमान आलं की होते. नारळ फुटतो, फोटो छापतो. मीही छापलेत. डिटेक्टर कुठून येतो, हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही.