डिस्कच्या वाटणीची कुळकथा

नव्या सर्व्हरवर डेबियन चढवताना इन्स्टॉलर एका टप्प्यावर थांबून विचारतो, डिस्क कशी वाटायची? वर्षानुवर्षं तिथे तीन तयार पर्याय असत. सगळं एकाच पार्टिशनमध्ये, ‘होम’ वेगळं, नाहीतर ‘होम’, ‘व्हार’ आणि ‘टेम्प’ अशी तिन्ही वेगळी. घाईतला माणूस पहिला पर्याय घेऊन पुढे जातो. जुना अ‍ॅडमिन तिसरा घेतो, आणि का म्हणून विचारलं तर ‘तशी पद्धत आहे’ एवढंच सांगतो. पद्धत आहे हे खरं. पण ती ज्या अडचणींतून पडली त्या वेगवेगळ्या काळातल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच आता उरलेल्या नाहीत. कोणती उरली आहे हे कळल्याशिवाय वाटणी नीट करता येत नाही.

सुरुवात न्यू जर्सीतल्या मरे हिलची, बेल लॅब्जमधली. १९७१च्या सुमारास केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स पीडीपी-११ वर चालत होतं. मेमरी २४ किलोबाइट, डिस्क ५१२ किलोबाइट. ती डिस्क वेगवान होती, पण सिस्टीम आणि माणसांच्या फाइली दोन्ही तिच्यात मावणं शक्य नव्हतं. म्हणून आरके जातीची सुमारे अडीच मेगाबाइटची दुसरी डिस्क ‘यूएसआर’ या डिरेक्टरीवर जोडली गेली. केनच्या आणि डेनिसच्या फाइली तिथे राहत. पुढे पहिल्या डिस्कवर प्रोग्रॅमही मावेनात, तेव्हा तेही ‘यूएसआर’मध्ये सरकले आणि ‘बिन’ नावाच्या दोन डिरेक्टऱ्या झाल्या, एक इकडे, एक तिकडे. कुठला प्रोग्रॅम कुठे, याला एक अट मात्र पाळावीच लागे. दुसरी डिस्क जोडणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच डिस्कवर ठेवला तर मशीन सुरूच होणार नाही. म्हणून मशीन उठवायला लागणारं सगळं पहिल्या डिस्कवर, बाकीचं दुसरीकडे. ही रेघ दोन डिस्कांमधली होती. एकाच डिस्कचे तुकडे करण्याची गोष्ट अजून यायची होती.

ती आली डिस्क मोठ्या झाल्या तेव्हा. जागा कमी पडते म्हणून वाटणी करतात असा आपला समज असतो, इथे उलट घडलं. १९७४ साली थॉम्प्सन आणि रिची यांनी युनिक्सवरचा प्रसिद्ध लेख छापला, त्यात त्यांच्या मशीनला ४० मेगाबाइटचे डिस्क पॅक घेणारा एक ड्राइव्ह असल्याचं सांगितलं आहे. ब्लॉक ५१२ बाइटचा धरला तर असा पॅक ऐंशी हजारांच्या घरात जातो. युनिक्स त्या वेळी ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांत लिहीत असे आणि १६ बिटांत ६५,५३५ च्या पुढे मोजताच येत नाही. म्हणजे एक फाइल सिस्टीम ३२ मेगाबाइटपर्यंतच. उरलेली जागा डोळ्यांसमोर असून हाताला लागेना. त्यावर उपाय म्हणून डिस्कच्या ड्रायव्हरमध्येच एक तक्ता घातला गेला. अमुक ब्लॉकपासून तमुक लांबीचा तुकडा ही एक डिस्क समजा, तिथून पुढचा तुकडा ही दुसरी. एकाच थाळीवर अनेक खोट्या डिस्का. गंमत अशी की तक्त्यातले काही तुकडे एकमेकांवर चढलेले होते, कारण निरनिराळ्या वाटण्या त्यात एकत्र मांडल्या होत्या. त्यांतली एक निवडून बाकीच्यांना हात न लावणं ही अ‍ॅडमिनची जबाबदारी. मला या सगळ्या कुळात हा तक्ता सगळ्यात जास्त आवडतो. कुठलंही तत्त्वज्ञान नाही, हिशेबाचा आकडा आखूड पडला म्हणून केलेली सोय, आणि तीच पन्नास वर्षं टिकली. बीएसडीने त्या तुकड्यांना अक्षरं दिली. ‘ए’ म्हणजे रूट, ‘बी’ म्हणजे स्वॅप, ‘सी’ म्हणजे अख्खी डिस्क. ओपनबीएसडीवर आजही ‘सी’ला हात लावत नाहीत.

पीसीचं घराणं वेगळं. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. त्या डिस्कवर डॉसच्या शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही नांदू शकावी, म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये ६४ बाइटचा तक्ता ठेवला, त्यात चार नोंदी. चारच पार्टिशनं का, याचं उत्तर तेवढंच. नोंदीतला सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा असल्यामुळे २ टेराबाइटच्या पुढे हा तक्ताही आखूड पडला आणि त्याच्या जागी जीपीटी हा नवा तक्ता आला. ‘बूट’चं छोटं पार्टिशनही इथलंच. जुन्या बायोसला पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे, म्हणून लिनक्सचा कर्नेल त्यांच्या आत कोंडून ठेवावा लागे.

आणि ‘व्हार’? ते सन मायक्रोसिस्टिम्सच्या वर्कस्टेशनांमधून आलं. डिस्क नसलेली अनेक मशीनं नेटवर्कवरून एकाच सर्व्हरचं ‘यूएसआर’ वाचत. सगळ्यांनी मिळून वाचायच्या जागेत कुणी लिहून चालत नाही. त्यामुळे लॉग, टपाल, छपाईची रांग असं जे जे सतत बदलतं ते १९८८च्या सनओएस ४ मध्ये तिथून उचलून ‘व्हार’मध्ये नेलं. वाचायचं एकीकडे आणि लिहायचं दुसरीकडे, ही रेघ जागेच्या किंवा आकड्यांच्या तंगीतून न येता विचारातून आली.

नंतर काय झालं ते थोडक्यात. १९९८ साली हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं, पक्क्या तुकड्यांऐवजी ‘व्हॉल्यूम’ आले आणि आखलेली रेघ नंतर सरकवता येऊ लागली. सनच्या झेडएफएसने सगळ्या डिस्कांचा एकच साठा करून रेघांची गरजच कमी केली. दोन ‘बिन’ही एक झाली, फेडोरामध्ये २०१२ साली. मरे हिलच्या अडीच मेगाबाइटांचा तो हिशेब चाळीस वर्षांनी मिटला.

आज शिल्लक राहिलेली भीती एकच: कुणीतरी बेसुमार लिहीत सुटेल आणि डिस्क भरेल. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम एरवी पाच टक्के जागा रूट या वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, पण लॉग लिहिणारा प्रोग्रॅम पुष्कळदा रूटच्याच अधिकाराने चालतो, मग ती राखीव जागाही तोच खातो. आणि इथे जुनी पद्धत आपल्याला फसवते. डेबियनवर लॉग ‘व्हार’मध्ये आणि पोस्टग्रेस्क्यूएलचा डेटाही ‘व्हार’मध्येच. लॉगने जागा भरली की डेटाबेसला आपला व्यवहारांचा लॉग लिहिता येत नाही आणि तो बंद पडू शकतो. ‘व्हार’ वेगळं करणाऱ्याने चोर आणि तिजोरी एकाच खोलीत ठेवलेली असते. सनच्या माणसांना लिहिण्याची जागा वाचण्याच्या जागेपासून तोडायची होती, ते त्यांनी केलं. आपल्याला लिहिणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडायचं आहे.

म्हणून मी ‘होम’साठी वेगळी रेघ ओढत नाही, सर्व्हरवर माणसं राहत नाहीत. ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ला एक व्हॉल्यूम देते, डेटाबेसच्या डिरेक्टरीला दुसरा, बाकी सगळं रूटच्या पार्टिशनमध्ये. तिघांनाही आज लागेल त्याहून थोडीच जास्त जागा द्यायची आणि उरलेली एलव्हीएमच्या गटात तशीच मोकळी ठेवायची. चालू मशीनवर व्हॉल्यूम वाढवणं मिनिटाचं काम आहे. लहान करायचा तर ईएक्सटी४ आधी उतरवून ठेवावं लागतं, आणि एक्सएफएस व्यवहारात लहान होतच नाही.