बीट : मधुमेहातील आहारमूल्य

‘बीटा व्हल्गॅरिस’ या शास्त्रीय नावाच्या, राजगिऱ्याच्या कुळातील वनस्पतीचे लाल, मांसल मूळ. साखर कारखान्यांत जाणारा पांढरा शुगरबीट याच जातीचा. १७४७ मध्ये बर्लिनचे रसायनज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ यांनी बीटमधून साखर वेगळी काढली आणि ती उसाच्या साखरेसारखीच असल्याचे दाखवले. शुगरबीटमध्ये १५ ते २० टक्के साखर असते, तर भाजीच्या बीटमध्ये सुमारे ७ टक्के. ‘जमिनीखालचे काहीही खायचे नाही’ या मधुमेहींना सरसकट सांगितल्या जाणाऱ्या पथ्यात हा फरक पुसला जातो आणि बीट बटाट्याच्या रांगेत जाऊन बसते.

१०० ग्रॅम कच्च्या बीटमध्ये साधारण ४३ कॅलरी, ९ ते १० ग्रॅम कर्बोदके आणि पावणेतीन ग्रॅम तंतू असतात. म्हणजे मध्यम आकाराच्या एका बीटमधून एका पोळीच्या जेमतेम अर्धी-पाऊण कर्बोदके मिळतात. बीटचा ग्लायसेमिक निर्देशांक मात्र ६४ च्या आसपास सांगितला जातो आणि हा आकडा पाहून अनेकजण धास्तावतात. निर्देशांक ठरवण्याची रीत लक्षात घेतली तर ही भीती उरत नाही. त्या चाचणीत ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके मिळतील इतका पदार्थ खायला देतात. बीटच्या बाबतीत हे प्रमाण सहा-सातशे ग्रॅमवर जाते. एवढे बीट एका बैठकीत कोणी खात नाही. जेवणातील नेहमीच्या वाढीचा ग्लायसेमिक भार पाचच्या आतबाहेर, म्हणजे कमीच असतो.

रसाचे गणित वेगळे आहे. पेलाभर रसाला तीन-चार बीट लागतात. चोथा गाळला की तंतू जातात, साखर पेल्यात राहते, आणि बहुतेक घरांत हा रस सकाळी अनशापोटी घेतला जातो. त्यात गाजर आणि सफरचंद घातले की ‘औषधी’ पेय मधुमेह्याच्या दृष्टीने सरबताच्या जवळ जाते. त्यापेक्षा कोशिंबीर केव्हाही बरी : सालासकट उकडून किसलेले बीट, दही, दाण्याचे कूट, वरून जिरे-मिरचीची फोडणी. दह्यातील प्रथिने आणि दाण्यातील स्निग्धांश यांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. मूळचे बीट गोड असताना कोशिंबिरीत सवयीने पडणारी चिमूटभर साखर तेवढी वगळावी. बीटचा हलवा या नोंदीच्या कक्षेत येत नाही. तो मिठाईच आहे.

बीटची खरी ख्याती नायट्रेटमुळे आहे. तोंडातील जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील काही प्रयोगांत रोजच्या रसाने दाब थोडा उतरला. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरणाऱ्यांना हा लाभ कमी मिळतो, कारण ते जिवाणूच मरतात. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या २७ रुग्णांना दोन आठवडे रोज २५० मिलिलिटर रस देऊनही रक्तदाब, रक्तवाहिन्यांची लवचीकता किंवा इन्सुलिनची संवेदनशीलता यांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान होता, तरी ‘बीटने शुगर उतरते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. गोळ्या किंवा इन्सुलिन यांना बीट पर्याय नाही. लाल रंगामुळे रक्त वाढते हा समजही असाच : १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम असते. फोलेट मात्र भरपूर मिळते.

मूत्रपिंडांवर परिणाम झालेल्या मधुमेहींनी बीट वैद्यकीय सल्ल्यानेच खावे. १०० ग्रॅममध्ये सव्वातीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि दुबळ्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणे जड जाते. ऑक्झलेटचे प्रमाणही जास्त असल्याने मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी हात आखडता ठेवावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना रोज रस पिणाऱ्यांनी दाब मोजत राहावे.

बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते. हा बीटॅनिन या रंगद्रव्याचा निरुपद्रवी परिणाम आहे. दोन दिवस बीट न खाताही रंग तसाच राहिला, तर ते रक्त असू शकते. लघवीची तपासणी लगेच करून घ्यावी.