उब्वोको : एका रकान्याची कुळकथा

रुआंडाच्या किन्यारुआंडा भाषेत ‘उब्वोको’ हा एक जुना शब्द आहे. वाण, प्रकार, जाती असा त्याचा व्यापक अर्थ. परंतु माणसाला त्याचे उब्वोको विचारले असता पूर्वी उत्तर मिळे ते कुळाचे. अबानिगिन्या, अबेगा, अबागेसेरा, अबाझिगाबा अशी अठरा-वीस कुळे त्या देशात होती आणि आपल्याकडील देवकाप्रमाणे कुळाकुळाचा एखादा पशू वा पक्षी ठरलेला असे : राजघराणे ज्यांच्यातले त्या अबानिगिन्यांचा तुरेवाला क्रौंच, अबाझिगाबांचा बिबळ्या, अबागेसेरांचा लहानसा परीट पक्षी. या व्यवस्थेतील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की एकाच कुळात हुतू, तुत्सी आणि त्वा अशा तिन्ही समाजांचे लोक असत. म्हणजे जो शब्द पुढे या तिघांना एकमेकांपासून तोडण्यासाठी वापरला गेला, तो मुळात त्यांना एका छत्राखाली आणणारा शब्द होता.

हुतू आणि तुत्सी हा भेद गोऱ्यांनी शून्यातून निर्माण केला, असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. १८९५ साली मृत्यू पावलेल्या किगेली र्वाबुगिरी या राजाच्या अमलात ‘उबुरेत्वा’ नावाची वेठ हुतूंच्याच माथी मारली गेली, आणि ज्याच्या दारी गुरे तो वरचा व ज्याच्या हाती कुदळ तो खालचा, ही दरी त्या काळात चांगलीच रुंदावली. तरीसुद्धा भाषा एक, देव एक आणि डोंगरउतारावरची वस्तीही एकच असल्यामुळे ती दरी ओलांडण्याची वाट उरलेली होती. ज्या हुतूची गुरे वाढली, वरच्या घरांशी सोयरीक जमली, तो कालांतराने आपले हुतूपण उतरवून ठेवी, आणि या उतरवण्याला त्या भाषेत ‘क्विहुतुरा’ असे स्वतंत्र क्रियापदच होते. हे क्रियापद मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा वाटते.

१८९७ पासून तेथे जर्मनांचा आणि १९१६ पासून बेल्जियमचा अंमल बसला. आफ्रिकेत जे जे सुव्यवस्थित राज्य दिसेल ते उत्तरेकडून आलेल्या कुणा उजळ वंशाने स्थापिलेले असणार, हा जॉन स्पीक या प्रवाशाने १८६३ मध्ये ग्रंथबद्ध केलेला तर्क या अधिकाऱ्यांच्या मनात आधीच मुरलेला होता. त्यामुळे तुत्सी म्हणजे जन्मजात राज्यकर्ते असे गृहीत धरून त्यांनी १९२६ नंतरच्या काही वर्षांत हुतू नायकांना एकामागून एक दूर केले आणि १९३१ साली न ऐकणाऱ्या मुसिंगा राजालाही पदच्युत केले. लगेच पुढे, १९३३-३४ मध्ये, खानेसुमारी झाली आणि माणसाच्या नावापुढे त्याचा वंश लिहिलेले दाखले देण्याची पद्धत सुरू झाली. दहा गुरे असतील तो तुत्सी, अशी कसोटी कारकुनांनी लावल्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण अनेक इतिहासकार ती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. माणसाचे स्वतःचे म्हणणे, मिशनच्या पाद्र्यांची माहिती आणि गुरांची संख्या या सर्वांच्या मिश्रणातून ती नोंद झाली असावी. कसोटी कोणतीही असो, नोंद एकदा दप्तरी चढली की बापाची तीच मुलाची असा दंडक पडला आणि ‘क्विहुतुरा’ या क्रियापदाला काम उरले नाही. फ्रेंच ‘एथ्नी’ या शब्दासमोर किन्यारुआंडात मथळा आला तो उब्वोको. स्वतंत्र रुआंडाच्या ओळखपत्रावर या मथळ्याखाली हुतू, तुत्सी, त्वा ही नावे आधीच छापलेली असत आणि लागू नसतील त्यांवर अंमलदार काट मारी. कुळाला तेथे जागाच नव्हती.

परकीय सत्तेने आणलेला रकाना तिच्याबरोबरच जावयास हवा होता. तो गेला नाही, आणि तो टिकवून धरणारे हात त्याच रकान्याने खाली दाबलेल्यांचे होते, हा या कथेतील सर्वांत कठीण भाग आहे. २४ मार्च १९५७ रोजी नऊ हुतू शिक्षितांनी, ज्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रेग्वार काइबांदा होते, एक जाहीरनामा काढला; त्यात दाखल्यांवरील वंशाचा उल्लेख काढून टाकण्यास त्यांनी स्पष्ट विरोध केला. उल्लेख पुसला तर कोणाच्या वाट्याला किती शाळा आणि किती अधिकारपदे आली हे आकड्यांनी दाखवता येणार नाही, ही त्यांची भीती. उलट दरबारी मंडळींना हे शब्द कागदांतून नाहीसे व्हावेत असे वाटू लागले होते, आणि ज्यांचे वर्चस्व त्या मौनाखाली सुखरूप राहिले असते ते हेच लोक होते. त्या नऊ जणांचा युक्तिवाद मला आजही खोटा वाटत नाही. अन्याय मोजायचा तर कोणावर झाला ते लिहावेच लागते; परंतु ते लिहिणारी लेखणी सरकारच्या हाती असते आणि सरकार कोणाच्या हाती जाईल ते लिहिते वेळी कोणालाच ठाऊक नसते.

१९५९ च्या हुतूंच्या उठावानंतर सत्ता पालटली, १ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला, आणि तोच रकाना आता उलट दिशेने चालू लागला. १९७३ मध्ये जनरल जुवेनाल हाब्यारिमाना यांनी सत्ता घेतल्यावर शाळांतील व नोकऱ्यांतील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात बांधून दिल्या गेल्या, म्हणजे तुत्सींसाठी एक मर्यादा ठरली. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांनीच ओळखपत्रावरून वंश काढण्याची घोषणा केली. अंमलबजावणी झाली नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियातील अरुशा शहरी सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांशी तह झाला, त्यातही सरकारी कागदांतून हा उल्लेख गाळण्याचे कलम होते. तेही कागदावरच राहिले. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि रस्त्यारस्त्यांवर अडसर उभे राहिले. तेथे ओळखपत्र मागितले जाई, आणि कोणत्या नावावर काट नाही एवढेच पाहिले जाई. सुमारे शंभर दिवसांत किमान पाच लाख, आणि अनेकांच्या हिशेबाने आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली.

त्यानंतरच्या ओळखपत्रांवर तो रकाना नाही. पण त्याचे एक काम उरले होते. २ सप्टेंबर १९९८ रोजी, त्याच अरुशात, संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने ताबा या गावगटाचे प्रमुख झाँ-पॉल अकायेसू यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या गुन्ह्याबद्दल दिलेला हा पहिलाच निकाल. न्यायाधीशांसमोर पेच असा होता, की तुत्सी हा वेगळा गट होता हे सिद्ध कसे करावे. कारण भाषा, धर्म, संस्कृती यांपैकी एकाही बाबतीत तो हुतूंहून वेगळा दिसत नव्हता. तेव्हा त्यांनी जे पुरावे ग्राह्य धरले त्यांत मृतांजवळ असे ते ओळखपत्र होते, आणि निकालपत्रात त्यावरच्या रकान्याचे नावही त्यांनी किन्यारुआंडात लिहून ठेवले : उब्वोको.