येलदरी जलाशय परिसर (ग्रॅव्हल सायकलवाटा)

परभणी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचा जलाशय आणि त्याच्या भोवतालच्या मुरमाड टेकड्या, पाणंदी, गाडीवाटा व शिवरस्ते. रुंद टायरच्या सायकलीला यातल्या पुष्कळ वाटा मानवतात. मात्र त्या सायकलीसाठी कोणी काढलेल्या नाहीत. बैलगाडी, ट्रॅक्टर, मेंढरे आणि पाटबंधारे खात्याची जीप यांच्या येण्याजाण्याने त्या पडल्या. प्रस्तुत नोंदीत सेलूजवळचा निम्न दुधना जलाशय व जायकवाडीचा डावा कालवा यांचाही ओझरता विचार केला आहे.

संज्ञा : रस्त्यावरची आणि डोंगरातली अशा दोन सायकलींच्या मधली जात म्हणजे ग्रॅव्हल बाईक. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर ३५ ते ५० मिमी. रुंद, ब्रेक डिस्कचे. हा प्रकार अमेरिकेत रुजला. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ पासून भरणारी दोनशे मैलांची शर्यत त्याची पंढरी मानतात. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने पहिली ग्रॅव्हल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात घेतली. ग्रॅव्हलला मराठीत खडी म्हणण्याचा मोह होतो, पण खडी म्हणजे क्रशरवर फोडलेला दगड. तिच्यावर सायकल नाचते. इथे पायाखाली येतो तो मुरूम, म्हणजे झिजलेल्या काळ्या पाषाणाचा तांबूस-पिवळा चुरा. जिंतूर तालुक्यात मुरूमखेडा नावाचे गावच आहे. मुरूमवाट हा शब्द रूढ नसला तरी अधिक नेमका ठरेल.

धरण व जलाशय : येलदरी आणि त्याच्या खालचे सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची दोन धरणे, दोन्ही १९६८ ची. तेव्हा दोन्ही परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि सिद्धेश्वर तिकडे गेले. येलदरीची भिंत ४,२३२ मी. लांब व ५१.२ मी. उंच, एकूण साठा ९३४ दलघमी, त्यात जिवंत साठा सुमारे ८१० दलघमी, दरवाजे दहा. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच असलेले वीजघर. भरलेल्या जलाशयाचा पसारा सुमारे १०० चौ. किमी. आहे. धरणाची भिंत प्रतिबंधित क्षेत्र असल्याने ती मार्गात धरू नये.

तळ्याला फेरी घालायची म्हणून येणाऱ्याची इथे पहिली निराशा होते. हे पाणी गोल नाही. नाल्या-ओढ्यांच्या तोंडातून ते बोटांसारखे शेतांत शिरलेले आहे, आणि पलीकडचा काठ हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात पडतो. शिवाय काठ जागेवर राहत नाही. पाणी उतरले की तळाची जमीन उघडी पडते, तिच्यावर गाळपेर होते. भाद्रपदात जिथे लाटा तिथे फाल्गुनात हरभऱ्याची काढणी. म्हणून काठाची वाट दर महिन्याला वेगळी, आणि गेल्या वर्षीचा मोबाइलमधला माग यंदा पाण्यात गेलेला किंवा कोणाच्या गव्हातून जाणारा निघतो. २०२० च्या पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडावे लागले होते. त्याआधीच्या टंचाईच्या वर्षांतले माग तेव्हा सगळेच बुडाले.

भूमी : या भागातील सायकलिंगचा सगळा विचार जमिनीपासून सुरू करावा लागतो, अंतर आणि चढ या नंतरच्या गोष्टी. जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठा रांगेचा फाटा असलेल्या जिंतूरच्या टेकड्या, दक्षिणेस बालाघाट, आणि मध्ये गोदावरी-पूर्णा-दुधनेचे काळ्या मातीचे सपाट खोरे. टेकड्यांवर बरड, मुरमाड जमीन. खाली भारी काळी. शेतकरी एका नजरेत हा फरक सांगतो, सायकलस्वाराला तो पहिल्या पावसात समजतो.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हातभर खोल जातात आणि रुंदीला कधी टायर गिळतील इतक्या असतात. भेग वाटेला आडवी असेल तर चालते, वाटेच्या दिशेने गेलेली असेल तर उतरावे. पावसात प्रकार उलटा. एक बरी सर पडून गेली की पहिल्या पन्नास पावलांत चाकावर मातीचा थर चढतो, त्यात पऱ्हाटीच्या काटक्या आणि सोयाबीनचे भुसकट मळले जाते, मग चाक आणि चिमटा यांच्यामध्ये ते नमद्यासारखे घट्ट बसते आणि चाक फिरायचे थांबते. सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. आणि बारा किलोची सायकल तेव्हा वीस किलोची झालेली असते. बोटांनी ही माती निघत नाही, पाण्याने आणखी पसरते. खुरप्याने किंवा बाभळीच्या चपट्या ढलपीने खरवडणे हाच उपाय. पावसाळ्यात पुढचे मडगार्ड काढून ठेवलेल्या मोटारसायकली या भागात दिसतात, त्याचे कारण हेच. ग्रॅव्हल बाईकला मडगार्ड बसवून इकडे जुलैत येणारा पाहुणा तेच मडगार्ड पिशवीत घालून परततो.

याउलट मुरूम पाणी धरत नाही. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत वाट वापरता येते, आणि दबलेल्या ओलसर मुरमावर टायर जसा चालतो तसा कोरड्या डांबरावरही चालत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाटांचा नकाशा : मोबाइलवरील नकाशांपेक्षा महसूल खात्याचा गावनकाशा इथे अधिक उपयोगी. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो व त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. कागदावरचा एकवीस फुटांचा रस्ता जागेवर दोन्ही बाजूंच्या नांगरटीने सहा-सात फुटांवर आलेला असतो हा भाग वेगळा. बांधावरून जाण्याचा हक्क (महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४३) आणि वहिवाटीच्या रस्त्यावरील अडथळा काढणे (मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५) यांखालील अर्ज तहसील कार्यालयांत नित्याचे. शेतरस्त्यांसाठी राज्य शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. जिथे पाणंदीवर मुरूम पडून दबाई झाली तिथे सायकलची सोय आपोआप झाली. वाद चालू असलेल्या वाटेवर सायकलस्वाराने कोणाचीही बाजू घेऊ नये. पुढच्या बांधावर विचारून, उतरून चालावे.

मुख्य वाटा : (१) जिंतूर–येलदरी, सुमारे १५ किमी. डांबरी रस्ता आहे. मुरूमवाटा त्याच्या दोन्ही अंगांना फुटतात. येलदरी कॅम्पच्या पुढे हाच रस्ता पूर्णा ओलांडून सेनगावकडे जातो.

(२) जिंतूर–नेमगिरी. अंतर तीन किमी., पण परिसरातील उत्तम चढ इथेच. टेकडीत जैन गुंफा आहेत. त्यांतील पार्श्वनाथाची भव्य मूर्ती तळाच्या लहानशा दगडावर तोललेली असल्याने प्रसिद्ध. शेजारची टेकडी चंद्रगिरी.

(३) जिंतूर–चारठाणा. जालना रस्त्याने न जाता टेकड्यांच्या कडेने गेल्यास मुरूम अधिक लागतो. चारठाण्यात गोकुळेश्वर मंदिर, पायऱ्यांची पुष्करणी व उंच कोरीव स्तंभ. एवढ्या प्राचीन अवशेषांचे गाव प्रवासवर्णनांतून इतके दुर्लक्षित का, हा प्रश्न या नोंदीबाहेरचा आहे.

(४) जायकवाडी डावा कालवा. पैठणपासून २०८ किमी. लांब, पाथरी, मानवत, परभणी तालुक्यांतून जातो. कालव्यालगतचा सेवारस्ता चढउतार जवळजवळ नसलेला, आणि म्हणून काहींना कंटाळवाणा. आवर्तन सुटलेले असेल तर पाझराच्या जागी चिखल. पुलापाशी साखळी किंवा दगड आडवे टाकलेले असतात. पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान असल्याचे तेथील लोक मानतात. शिर्डीकरांना ते मान्य नाही.

(५) निम्न दुधना, ब्रह्मवाकडी (ता. सेलू). एकूण साठा सुमारे ३४५ दलघमी. सेलू स्थानक मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर असल्याने सायकल रेल्वेने आणणाऱ्यास हेच तळे जवळचे. काठ भारी काळ्या मातीचा, पावसाळ्यात टाळावा.

सायकल व काटे : कॅन्ससमध्ये चकमकीचा दगड टायर फाडतो, इथे काटा टोचतो. बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा या तिघांपैकी सराटा वाईट. तो दिसत नाही आणि एकटा येत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट घालून हवा ३० ते ४० पौंडांवर ठेवणे हिताचे. खेड्यातल्या दुकानात मिळतात ते २८ इंची साध्या सायकलचे टायर-ट्यूब. त्या सायकलच्या रिमचा व्यास ६३५ मिमी., ग्रॅव्हलचा ६२२. त्यामुळे टायर काही बसत नाही. दुकानदाराच्या पंपाचे तोंडही बारीक परदेशी व्हॉल्व्हवर चढत नाही. पन्नास-शंभर रुपयांचे पितळी टोपण सोबत असले की हा दुसरा प्रश्न मिटतो. पहिला मिटत नाही.

हंगाम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटेची थंडी लोकांच्या अंदाजापेक्षा कडक. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठातील वेधशाळेत किमान तापमान ३ अंशांच्या खाली गेले होते. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीनच्या राशी असतात, त्यांच्यावरून सायकल नेऊ नये. नोव्हेंबरपासून कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या जोडट्रॉल्या. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यावर येते व फेरीचा वेळ ठरवल्यापेक्षा दुप्पट लागतो. मार्चनंतर सकाळी दहापर्यंत परतावे.

प्राणी : रोही, कोल्हा, जलाशयावर हिवाळी पाहुणे पक्षी. मेंढपाळांची कुत्री सायकल थांबली की थांबतात.

मुक्काम : जिंतूर.