पँटीनस

पँटीनस (मृत्यू इ. स. सु. २००) : अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेचे ज्ञात असलेले पहिले प्रमुख. आधी स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ. त्यांचे ग्रंथ उरले नाहीत, तेव्हा गुरूची ओळख शिष्याकडूनच करून घ्यावी लागते. तो शिष्य म्हणजे क्लेमेंट. त्याच्या मते आधी माणसाला मूर्तिपूजेपासून वळवावे, मग त्याच्या सवयी सुधाराव्यात आणि शेवटी गूढ ज्ञान द्यावे. ‘पायदागोगोस’ हा त्याचा ग्रंथ मधल्या पायरीचा. जेवावे कसे, हसावे किती, पायांत काय घालावे, इथपर्यंत त्यात सांगितले आहे. धर्मशिक्षण नुसत्या पाठांतरावर भागत नाही, ही त्यामागची धारणा.

शिकवणारा आणि वेदीपाशी उभा राहणारा एकच असावा का, हा पेच याच शाळेत उभा राहिला. क्लेमेंटनंतर शाळा सांभाळणारा ऑरिजेन दीक्षा न घेताच वर्षानुवर्षे शिकवत होता. पुढे पॅलेस्टाइनमधील बिशपांनी त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा दिली, तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डिमीट्रियस चिडला आणि ऑरिजेनला शहर सोडावे लागले.

पँटीनस ‘इंडिया’त गेले आणि प्रेषित बार्थोलोम्यूने ठेवलेले, हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान त्यांना तिथे आढळले, असे युसेबियस (चौथे शतक) ऐकीव म्हणून सांगतो. त्यांना डिमीट्रियसने पाठवले, ही भर नंतरचा लेखक जेरोम याची. त्या काळी ‘इंडिया’ हे नाव अरबस्तान वा इथिओपियालाही लावत. तरी काही अभ्यासक हा ‘इंडिया’ म्हणजे कल्याण बंदराचा मुलूख मानतात. कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर. तिथल्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे पश्चिमेकडील परदेशीयांचे, दानलेख आहेत: इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भोजनमंडप. पण ही दाने बौद्ध संघाला दिलेली आहेत; पँटीनस घाट चढून आले असे त्यांवरून ठरवणे म्हणजे निव्वळ हौस. जुन्नर परिसरात त्या काळातील ख्रिस्ती खूण सापडलेली नाही. उलट वार्ता मात्र अलेक्झांड्रियाला पोचली होती: क्लेमेंटने आपल्या ग्रंथात बुद्धाचे नाव घेतले आहे.

कल्याणकडील ख्रिस्ती लोकांविषयी त्यातल्या त्यात भरवशाची नोंद सहाव्या शतकातील व्यापारी-प्रवासी कॉस्मसची. ‘कल्लियाना’त एक बिशप आहे, असे तो लिहितो. हे ठिकाण सहसा कल्याण मानतात. त्या बिशपाची नेमणूक इराणातून होत असे. अलेक्झांड्रियाचा तिथे संबंध नव्हता.