अंबारीतला ग्रंथ

वारकरी संप्रदायाच्या प्रस्थानत्रयीत ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि तुकोबारायांची गाथा हे तीन ग्रंथ येतात. यांपैकी दोन ग्रंथांचे मूळ संस्कृतात आहे. गीता माउलींनी मराठीत आणली आणि भागवताचा एकादश स्कंध नाथमहाराजांनी. ज्या संप्रदायाला जग मराठी वाणीवरून ओळखते, त्याचा पाया एका भाषेतला अर्थ दुसरीत वाहून आणणाऱ्यांनी घातला आहे. असे काम करणाऱ्याचा गौरव कसा करावा, याचे उत्तरही आपल्याच परंपरेत आहे. ते काशीतल्या एका प्रसंगात सापडते.

एकादश स्कंधाचे अध्याय ३१ आणि श्लोक १,३०० च्या वर. त्यांवर नाथांनी १८,००० हून अधिक ओव्या रचल्या. शब्दाला शब्द ठेवणारा हा अनुवाद नव्हे, ही टीका आहे. मूळ श्लोक पुढे ठेवायचा, त्याचा अर्थ मराठीत उलगडायचा आणि श्रोत्याच्या शंकेला ओवीतच उत्तर द्यायचे, अशी तिची रीत. संस्कृत न शिकलेल्या बायाबापड्यांना उद्धव-श्रीकृष्ण संवाद आपल्या घरच्या बोलीत ऐकता आला, तो या श्रमामुळे.

पण हेच काम काहींना खुपले. परंपरा सांगते की, पैठणला पहिले पाच अध्याय झाले आणि त्यांची प्रत काशीला पोहोचली. देववाणीतला ग्रंथ प्राकृतात आणला, म्हणून तिथले एक मठाधिपती संन्यासी रागावले आणि त्यांनी नाथांना काशीला बोलावून घेतले. नाथ गेले. त्यांनी वाद घातला नाही, ग्रंथ वाचून दाखवला. ऐकता ऐकता स्वामींचा राग मावळला. मुळातला एकही सिद्धांत सुटलेला नाही, उलट तो अधिक सुगम झाला आहे, हे त्यांना पटले. उरलेली टीका तिथेच पूर्ण करावी, असा आग्रह त्यांनीच धरला.

ग्रंथ पूर्ण झाला तो दिवस कार्तिकी पौर्णिमेचा. समाप्तीच्या ओव्यांत नाथांनी काळाची नोंद दोन्ही गणनांनी केली आहे. काशीकरांसाठी विक्रम संवत १६३०, आणि गोदातीरीच्या आपल्या माणसांसाठी शालिवाहन शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३. ग्रंथ संपवतानाही हा पुरुष दोन प्रांतांच्या मध्ये उभा राहून एकाचे दुसऱ्याला समजावत होता. दुभाष्याचा धर्म याहून वेगळा काय असतो?

पुढे गौरवाची वेळ आली. नाथांना हत्तीवर बसवून मिरवावे, असे काशीकरांच्या मनात होते. सांगतात की, नाथांनी तो मान स्वतः घेतला नाही. अंबारीत ग्रंथ ठेवायला लावला आणि मिरवणूक निघाली ती ग्रंथाची.

या कथेत गौरवाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, मानाआधी परीक्षा झाली. मूळ जाणणाऱ्यांनी ग्रंथ ऐकला, मुळाशी ताडून पाहिला आणि मग हत्ती सजवला. न वाचता घातलेल्या हारात मान थोडा आणि उपचारच फार. दुसरी गोष्ट अंबारीची. जो दुसऱ्याचा शब्द वाहून आणतो, त्याचा मोठेपणा त्या शब्दाला उंचावर बसवण्यात असतो. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेतही नाथांनी आपल्या नावाला गुरूच्या नावाचा आधार घेतलाच आहे.

मात्र इथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. नाथ अंबारीत बसले नाहीत, म्हणून अनुवादकाचे नाव विसरले तरी चालते, असा अर्थ कुणी काढील. नम्रता ही वाहणाऱ्याने बाळगायची असते. त्याला विसरण्याचा अधिकार घेणाऱ्याला नसतो. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथातच आले. संप्रदायाने लेखकु म्हणून बसलेल्यालाही अनामिक ठेवले नाही. पुढे शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथीत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी आज्ञा घालून दिली. दुसऱ्याच्या शब्दाशी इमान कसे राखावे, ते त्यांनी स्वतः करून दाखवले.

आज हीच वाहतूक उलट दिशेनेही चालते. महिपतीबोवांच्या ग्रंथातले नाथचरित्र जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२७ मध्ये इंग्रजीत नेले. पुढच्या भाषांतरांत नरहर गोडबोले यांनी त्यांना साथ दिली. दिलीप चित्रे यांनी तुकोबांचे अभंग ‘सेज तुका’ या नावाने इंग्रजीत आणले. साहित्य अकादेमीने १९८९ पासून अनुवादासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन म्हणून मान्य केला. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोम यांचा तो स्मृतिदिन. म्हणजे जगालाही शब्दवाहकांचे ऋण फेडावेसे वाटते.

आपण काय करावे? दिंडीत हिंदी किंवा कानडी अभंग-भाषांतराची पोथी कुणाच्या हाती दिसली, तर तिच्यावर अनुवादकाचे नाव आहे का, ते पाहावे. परभाषिक यात्रेकरूला कीर्तनाचा अर्थ हळू आवाजात सांगणारा कुणी शेजारी बसलेला असतो, त्याला जागा करून द्यावी. आणि अनुवाद हाती आला की आधी तो मुळाशी लावून वाचावा. काशीने तेवढे केले होते. नाथषष्ठीला पैठणला जाऊन माथा टेकतो, त्या नमस्कारात अर्थाचे ओझे वाहून आणणारे सगळेच यावेत.

॥ रामकृष्णहरि ॥